टाकीवरच्या दोन रेघा

रामाजींना घरात काही कमी पडलेलं बघवत नसे, आणि कमी पडलंय हे तोंडाने सांगणं तर त्याहून जमत नसे. मिठाची बरणी तळाला गेली की दुसऱ्या दिवशी ती आपोआप भरलेली असे. असा माणूस घरात असला की घरच्यांना बरं वाटतं, आणि त्याला कधी काय झालं ते मात्र कोणाला कळत नाही. सीताबर्डीतल्या ज्या दुकानात त्यांनी तीस वर्षं कूलर बांधले ते दुकान बंद पडलं, तेव्हा हा गृहस्थ दोन महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता. महाराजबागेत बसून तो डबा खायचा आणि संध्याकाळी वेळेवर घरी यायचं. एके दिवशी रिकाम्या डब्यातून बागेतल्या मुंग्या निघाल्या आणि त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, सगळं कळलं. त्या दिवशी जे काही झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

त्याला आता सात वर्षं झाली. मनीषनगरच्या घरात रामाजींकडे एकच काम उरलं होतं, ते म्हणजे पाणी. पहाटे पाचला बोरिंगची मोटर लावायची, कूलरची टाकी काठोकाठ भरायची, वाळ्याच्या ताट्या ओल्या करायच्या. नागपूरच्या मे महिन्यात हे काम लहान नाही. दुपारी घरात थंड वारा आला की रामाजी कोणाचं लक्ष आहे का ते हळूच बघून घेत.

कूलरच्या शेजारीच पोरीची मोटरसायकल उभी असे. नंदिनी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. तोंडाला दुपट्टा गुंडाळून ती सकाळी निघाली की संध्याकाळीच परतायची. गाडी नव्या पद्धतीची, इंजिन थंड ठेवायला कुलंट आणि रेडिएटर असलेली. तिच्या अंगाला एक पारदर्शक छोटी टाकी होती आणि टाकीवर दोन रेघा. पातळी या दोन रेघांच्या मध्ये हवी, एवढं रामाजींना न सांगताही कळलं.

फेब्रुवारीत एका पहाटे त्यांना ती पातळी खालच्या रेघेच्याही खाली दिसली. हातात कूलरचा पाइप होताच. कूलर काय आणि गाडी काय, थंड राहायचं तर पाणी लागणारच, असा त्यांनी विचार केला आणि टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी उतरलेली. पुन्हा भरली. मग ते रोजचंच झालं. पोरीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

मार्चमध्ये गाडी पहिल्यांदा तापून बंद पडली. चौकातल्या प्रशिकने सेन्सर बदलून दिला, नवं कुलंट भरलं. तिशीतला हा पोरगा स्वतःचं गॅरेज स्वतः चालवायचा आणि मनीषनगरच्या अर्ध्या गाड्या त्याच्याकडे जायच्या. मे उजाडला आणि गाडी पंधरा दिवसांत दोनदा भर दुपारी कळमेश्वरच्या रस्त्यावर उकळली. नंदिनीला कायम केल्याचं पत्र जूनमध्ये मिळायचं होतं, आणि आता आणखी एकदा उशीर झाला तर ते मिळणार नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती अंगाचा तिळपापड होऊन रविवारी सकाळी गॅरेजमध्ये गेली. गाडी ढकलायला म्हणून रामाजीही सोबत गेले.

प्रशिकने रेडिएटरच्या पंख्याची वायर सरळ बॅटरीला लावली. पंखा गरगर फिरला.

"पंखा एकदम बरोबर आहे, ताई. पण त्याले कोणी सांगतच नाही का इंजिन तापलं म्हणून. ते सांगाचं काम सेन्सरचं."

"तोच सेन्सर तू मार्चमध्ये बदलून देल्ला ना?" नंदिनी म्हणाली.

प्रशिकने शेजारच्या टपरीवरून स्टीलच्या ग्लासात उकळतं पाणी आणलं. आधी डबीतला कोरा सेन्सर मीटरला जोडून त्यात बुडवला, तसा मीटरवरचा आकडा, यायला हवा तसा, झरझर खाली आला. मग गाडीतून काढलेला बुडवला. आकडा जागचा हलेना. कितीतरी वेळाने, झोपेतून उठवल्यासारखा, तो हळूहळू सरकायला लागला. प्रशिकने सेन्सर बाहेर काढून उजेडात धरला. टोकावर पांढरा, खरखरीत थर बसला होता.

रामाजींनी चष्मा नीट केला, पण त्याची गरज नव्हती. हा थर त्यांनी तीस वर्षं कूलरच्या पंपावरून चाकूने खरवडून काढला होता. बोरिंगच्या जड पाण्याचा क्षार. गिऱ्हाइकांना ते स्वतः बजावायचे, पंप साफ ठेवा, नाहीतर पाणी चढणार नाही.

"ताई, याच्यात कुलंट उरलंच नाही," प्रशिकने रेडिएटरमधलं पाणी तसराळ्यात काढलं. हिरवंगार असायचं ते फिकट, गढूळ झालं होतं. "निरं बोरिंगचं पाणी आहे. घरी कोणी टाकलं का?"

"कोण टाकन? मी तर त्या झाकणाले हातबी लावत नाही. मार्चमध्ये तूच भरलं होतं ना? मंग तूच पाणी टाकलं असशील. अन् सेन्सरबी नकली असन, नाहीतर दोन महिन्यात मरते काय?"

टपरीवरची माणसं वळून बघू लागली. सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आलेले कॉलनीतले मधुकरराव म्हणाले, "मी नंतर येतो गा," आणि त्यांनी आपली गाडी गुपचूप मागे घेतली. प्रशिकने नंदिनीकडे बघितलं नाही. त्याने रामाजींकडे बघितलं.

एक वाक्य पुरे होतं. चार शब्दांचं. ते रामाजींच्या जिभेवर आलंही होतं, पण त्यांनी नजर खाली वळवली आणि जमिनीवर पडलेले नट खोलायचे पाने मोजत उभे राहिले. मला त्या क्षणी या माणसाचा राग येतो, आणि राग आला तरी त्याला सोडून जाववत नाही.

"ठीक आहे ताई," प्रशिक शेवटी म्हणाला. "गाडी ठेवून जा. धुवून साफ करून देतो."

दुपारी घरात आमरस होता. कूलर मस्त वारा देत होता आणि त्या वाऱ्यात बसून नंदिनी फोनवर काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचलं. कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर होता. चौकातला प्रशिक कुलंटच्या जागी पाणी भरतो, नकली सेन्सर बसवतो, आपापल्या गाड्या सांभाळा. ग्रुपवर चारशे माणसं होती. म्हणजे प्रशिकचं जवळजवळ सगळं गिऱ्हाईक.

"बरोबर लिहिलं ना, बाबा? तुमच्यासमोरच झालं सगळं."

रामाजींच्या हातातली रसाची वाटी तशीच राहिली.

"पाठवू नको."

"काहून?"

"पाणी मी टाकून राहिलो होतो. फेब्रुवारीपासून. रोज."

वाढता वाढता वच्छलाबाईंचा हात थांबला. "निघाल्या पुन्हा मुंग्या," त्या म्हणाल्या.

नंदिनीने फोन उलटा करून ठेवला. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच रामाजींना जास्त लागलं. "मले सांगितलं काहून नाही?"

"कमी दिसलं म्हणून भरलं. तुले काहून तरास देऊ म्हटलं."

"मी दीड घंटा उन्हात उभी होती, बाबा. आजूबाजूले झाड नव्हतं. बाटलीतलं पाणीबी मी गाडीवरच ओतलं." तिने आपली वाटी बाजूला सरकवली. "बरं, ते तुमाले माहीत नव्हतं. पण आज? आज गॅरेजमध्ये तुमाले समजलं होतं. मी त्या पोराले सगळ्यांसमोर चोर ठरवलं, अन् तुम्ही उभे होते."

"भ्यालो," रामाजी म्हणाले.

"कोणाले?"

"तुले. तू म्हणशील, आता गाडीले हात लावू नका. मंग पहाटे उठून मी करू काय?"

रामाजी उठले, हात धुतले आणि खुंटीवरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळू लागले.

"कुठं चालले? बाहेर पंचेचाळीस आहे," वच्छलाबाई म्हणाल्या.

"त्याच्यासमोर बोललो नाही. आता त्याच्याचसमोर बोलतो."

नंदिनीने त्यांच्याकडे बघितलं. मग तिनेही आपला दुपट्टा घेतला. बापलेक तापलेल्या रस्त्याने भिंतींच्या सावलीसावलीने चौकापर्यंत चालत गेले.

प्रशिक डबा खात होता. टपरीवर सकाळचीच दोन-तीन माणसं सावली धरून बसली होती. रामाजी त्यांच्याही कानावर जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "त्या गाडीत पाणी मी टाकलं. कूलरचं. याची काही चूक नाही. सकाळी मी मूग गिळून उभा राहिलो, तीबी माहीच चूक."

"अन् मी नाही नाही ते बोलली," नंदिनी म्हणाली. "चुकलं माझं, प्रशिकभाऊ."

प्रशिकने घास गिळला. "मले तो थर पाहताच समजलं होतं, काका. आमच्या घरचा कूलर तुम्हीच बांधला होता ना. क्षार कसा खरवडाचा तेबी माह्या मायले तुम्हीच शिकवलं."

"मंग बोलला काहून नाही बापा?"

"तुम्ही बोलसान म्हणून थांबलो."

"अन् नसतो बोललो तर?"

"तर उद्या मी बोललो असतो," प्रशिक हसला. "मलेबी पोट आहे न."

मग त्याने त्यांना गाडीपाशी नेलं आणि खरा बिघाड दाखवला. रेडिएटरच्या नळीची एक क्लिप ढिली होती. तिथून थेंब थेंब गळत होतं, पण थेंब तापलेल्या इंजिनवर पडून तिथेच वाळून जाई, त्यामुळे खाली डाग दिसत नसे. मार्चमध्ये त्याने ती टाकी निरखून बघितली होती. ती वरच्या रेघेपर्यंत भरलेली होती. गळती असेल अशी शंका यायला जागाच नव्हती.

"टाकी उतरली असती तर मले तवाच सापडलं असतं, काका. ती भरेल होती म्हणून फसलो."

रामाजींनी त्या क्लिपवरून बोट फिरवलं. एवढीशी वस्तू. महाराजबागेतला तो बाक त्यांना आठवला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर वच्छलाबाई विचारायच्या, दुकान कसं चाललंय, तेही आठवलं. मस्त चाललंय, असं ते म्हणायचे. तेव्हाही घरच्यांना टाकी भरलेलीच दिसत होती.

"आता एक काम तुमच्याकडे," प्रशिक म्हणाला. "आतली हवा निघन तशी दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरन. रोज सकाळी गाडी थंडी असतानी पाहत जा. भराचं नाही. झाकणाले हात लावाचा नाही. उतरली तर सांगाचं. बस."

"सांगाचं," रामाजी म्हणाले, जणू एखादं अवघड माप पाठ करत होते.

घरी जाताना त्यांनी मधुकररावांच्या दाराची घंटी वाजवली आणि त्यांनाही सगळं सांगितलं. मधुकररावांनी पाणी दिलं, आणि संध्याकाळी गाडी प्रशिककडे नेतो म्हणाले.

सोमवारी गाडी धुवून, साफ होऊन आली. मंगळवारी पातळी वरच्या रेघेवर होती. बुधवारीही होती. नंदिनी दोन्ही दिवस वेळेवर पोचली. गुरुवारी पहाटे रामाजींनी कूलर भरला, पाइप हातात घेऊन गाडीपाशी वाकले आणि थांबले. हिरवं कुलंट वरच्या रेघेच्या खाली अर्धं बोट उतरलं होतं.

पाइपातून पाणी वाहत होतं. हात सवयीने पुढे गेला, झाकणापर्यंत पोचला. रामाजी तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी नळ बंद केला, पाय पुसले आणि घरात आले. पोरीच्या खोलीच्या दारावर त्यांनी बोटाने टकटक केली.

"नंदिनी, ऊठ वं. कमी झालं."

आतून झोपाळलेला आवाज आला, "किती?"

"अर्धं बोट."

"बरं. आलीच मी."

शेजारच्या खोलीत वच्छलाबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. चौतीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"काय म्हणाले?" त्या आतूनच म्हणाल्या. "पुन्हा एकदा म्हणा."