बापाने रचलेली टेकडी

वेल्समधल्या आमच्या क्वमबर्लान गावाच्या तोंडाशी काउन्सिलने गावाची माहिती सांगणारी पांढरीशुभ्र पाटी लावली. तिच्यावरचं एक वाक्य वाचून माझं टाळकंच सटकलं. 'गावामागे एक नैसर्गिक टेकडी आहे.'

नैसर्गिक! अरे, ती टेकडी माझ्या बापाने रचलीय! खाणीतून कोळशाबरोबर निघालेला दगड-चुरा डब्यांतून वर ओढायचा आणि माथ्यावर पालथा करायचा, यातच त्याचा जन्म गेला. ढीग एवढा वाढला की चढताना सूर्याला धाप लागायची. आमच्या गल्लीत उजाडेपर्यंत दुपारचं सूप गार झालेलं असायचं. एकदा चंद्र माथ्याला अडकला, तो बापानेच फावड्याने पलीकडे लोटला. पुढे खाण बंद पडली, सरकारने वर गवत पेरलं, मेंढ्या चरायला लागल्या. झालं! म्हणे निसर्गाने केली!

उद्घाटनाला पाटीचा मजकूर लिहिणाऱ्या हॅव्हर्डबाई कार्डिफहून आल्या होत्या. पडदा सरकताच मी त्यांना गाठलं.

"बाई, ते वाक्य आधी पुसा."

"पण आजोबा, टेकडी तर हिरवीगार आहे."

"टोपी घातली म्हणून टकलावर केस उगवतात का?"

टोपली घेऊन उभा असलेला पाववाला ग्विलिम खदाखदा हसला. "एमलिन, पुरे कर की! बाई, याच्या चंद्राची गोष्ट ऐकलीत? याचं निम्मं खरं धरलंत तरी फसाल."

बाईही हसल्या. "पुरावा असेल तर द्या ना."

बापाच्या घामाला पुरावा! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी ग्विलिमच्या टोपलीतला पाव उचलला, कुस्करून पाटीखाली टाकला आणि टेकडीकडे तोंड करून शीळ घातली.

"अरे चोरा, माझा पाव!"

आमच्या मेंढ्या पावासाठी स्वयंपाकघरातही शिरतात. सगळ्या धडधडत खाली आल्या. गवत झिजलेल्या ओल्या जागी लोळून एकेकीचं अंग काजळासारखं झालेलं. म्होरकीने पाव फस्त केला आणि पाटीला पाठ घासून मनसोक्त खाजवून घेतलं. 'नैसर्गिक' काळ्या पट्ट्याखाली गडप!

"सांगा बाई, कुठल्या निसर्गाने हिला असं रंगवलं?"

बाईंनी पट्ट्यावर बोट फिरवलं, वास घेतला. हसू मावळलं.

"कोळसा," त्या म्हणाल्या. मग पर्समधून पेन काढलं. "वडिलांचं नाव?"

"इड्रिस मॅडॉक."

चंद्राचं काही बोललो नाही.