मागच्या बाजूच्या पाच ओळी

बाबा गेले त्यानंतर बाराव्या दिवशी इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. मी बोलावं, असा चारुलताबाई पेंडसे यांचा आग्रह होता. "तू शाळेत असल्यापासून छान बोलतेस," त्या फोनवर म्हणाल्या. त्यांना माझं १९७९ सालचं भाषण अजून आठवत होतं. मी ते विसरायचा प्रयत्न कधी केला नाही. त्याचा कागद माझ्याजवळ आहे.

बाबा गुहागरकडचे. इथे आखातात, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचे. तिथे त्रिनिदादचा कार्लटन नावाचा वेल्डर होता. त्या वर्षी हिवाळ्यात त्याने तेलाचं रिकामं पिंप कापून वाद्य करायला घेतलं, पण तळ सगळीकडे एकसारखा खोल जाईना. बाबांनी हातोडा घेतला. कार्लटन शिट्टीवर सूर धरायचा आणि तो सूर पत्र्यातून निघेपर्यंत बाबा हलक्या हाताने ठोकत राहायचे. महिनाभर हेच चाललं. "घरातला तवा वाकडा झालाय, तो नाही दिसत," असं आई म्हणायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी कार्लटनने झल्लाकच्या किनाऱ्यावर आपल्या लोकांचा कार्निव्हल केला. आम्हीही गेलो. पिंपं वाजू लागली तशी बायका-पुरुष कंबर घुसळत नाचू लागले, एकमेकांना खेटून, वयाचा विचार न करता. गाण्यातली थट्टा मला कळत होती, कारण ती इंग्रजीत होती, आणि कळत होती म्हणूनच लाज वाटत होती. मग बाबा उठले. रुमाल कमरेला बांधून ते कार्लटनच्या बायकोसमोर असे नाचले की ती माणसं बाजूला होऊन टाळ्या वाजवू लागली. इतकी लवचीक कंबर बाबांना आहे, हे मला ठाऊक नव्हतं. थोड्या अंतरावर पेंडसे मंडळी सहलीला आली होती. चारुलताबाईंनी मुलांची तोंडं समुद्राकडे वळवलेली मी पाहिली.

पुढचा महिनाभर मंडळात तोच विषय होता. चारुलताबाईंचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मंडळात त्यांचा शब्द चालायचा. आपल्या संस्कृतीत असलं काही नाही, असं त्या म्हणायच्या. कार्लटनचं म्हणणं बाबांनी घरी सांगितलं होतं: गोऱ्या साहेबांनी कार्लटनच्या पूर्वजांचे ढोल बंद केले, म्हणून ते डबे वाजवायला लागले, आता नाचही बंद करायचा, तर मग शरीर ठेवायचं कुठे? बाबांना हे पटलं होतं. ते मंडळात मात्र गप्प बसायचे. तिथे बोलणारे वेगळे होते आणि खुर्च्या मांडणारे वेगळे.

पाडव्याच्या वक्तृत्व स्पर्धेला विषयही तोच निघाला: 'कार्निव्हलचा नाच, कला की चावटपणा'. मी पंधरा वर्षांची होते. मला जिंकायचं होतं, आणि त्याहून जास्त, पेंडशांच्या घरी चहाला बोलावली जाणारी मुलगी व्हायचं होतं. मी चावटपणाची बाजू घेतली. पण माझं मराठी घरापुरतं. भाषण मी इंग्रजीत लिहिलं आणि बाबांनी ते मराठीत उतरवून दिलं. 'पोक्त माणसांनाही जिथे मर्यादा उरत नाही' हे वाक्य त्यांनीच नीट बसवलं. त्यांचा हात थांबला नाही.

स्पर्धेला जाताना गाडीत त्यांनी मला स्वच्छ प्रत दिली. कागदाच्या मागे पाच ओळी जास्त होत्या. मी वाचल्या.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "शेवटी वाच. दोन्ही बाजू होतील. वाचशील ना बाय?"

"यस, बाबा," मी म्हणाले.

ते तिसऱ्या रांगेत बसले. मी पुढची बाजू वाचली. कागद उलटायची वेळ आली तेव्हा चारुलताबाई परीक्षकांच्या खुर्चीवरून माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. बाबा किंचित पुढे झुकले होते. मी कागदाची घडी घातली आणि धन्यवाद म्हणाले. सर्वांत आधी टाळी बाबांनी वाजवली.

पहिलं बक्षीस मिळालं. परतताना बाबांनी गुदैबियाच्या बाजारात गाडी थांबवून मला फालुदा खाऊ घातला. त्या ओळींविषयी ते त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही नाहीत. मीही बोलले नाही. आठ वर्षं मी योग्य वेळ शोधत होते.

शोकसभेत मी त्यांच्याविषयी काही रचून बोलले नाही. तोच कागद उलटा धरला आणि वाचलं:

"आमच्या गावी शिमग्याला राधा नाचते. ती बाई नसते, नऊवारी नेसलेला पुरुष असतो. ती कंबर हलवते, लोक चावट बोलतात, आणि त्याच अंगणात पालखीची पूजा होते. सात वर्षं ती राधा मी होतो, आणि मला लाज वाटली नाही. झल्लाकला त्या माणसांचा नाच बघून मला माझं गाव आठवलं."

चारुलताबाई मान खाली घालून बसल्या होत्या. ज्यांच्यासाठी वाचायचं होतं ते तिसऱ्या रांगेत नव्हते. तिथे कार्लटन होता, काळ्या सुटात, एक अक्षरही न समजता.

बाहेर त्याने विचारलं, कागदावर काय होतं. मी इंग्रजीत सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"हे तू तेव्हाच स्पर्धेत वाचलं होतंस ना? दुसऱ्या दिवशी गणपत मला म्हणाला होता, माझ्या मुलीने सगळं वाचलं. फार छान वाचलं."

होय म्हणणं सोपं होतं. बाबांनी ते माझ्यासाठी सोपं करून ठेवलं होतं.

"नाही, अंकल," मी म्हणाले. "तेव्हा मी ते गाळलं."

तो हातातली टोपी फिरवू लागला.

"त्यानंतर त्याने पिंपाला हात लावला नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे नाचायलाही आला नाही. विचारलं तर हसायचा. आठ वर्षं मला वाटत होतं, माझंच काही चुकलं."