काळा-पांढरा दोरा

उरकिया आपांनी सुरी शोलपानच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातांनी मिटवली.

"काप, पोरी. तुझी चाल उतरू दे आमच्या आयझानच्या पायांत."

अंगणातल्या गवतावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्याच्या टोकाशी एका वर्षाची आयझान उभी होती, पाय दोऱ्याने बांधलेले. तिची आई कुन्सुलू तिला मागून काखेत धरून वाकली होती. कझाक रीतीने नुकतं चालू लागलेल्या लेकराचे पाय सोडवायला अडथळ्यांच्या शर्यतीतली आशियाई विजेती यावी, हे भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? सारं गाव लोटलं होतं. शोलपानने पदक घालूनच यावं, असा आपांचा हट्ट होता.

"दोरा काळा-पांढरा का, आपा?" एका मुलीने विचारलं.

"काळं-पांढरं ओळखावं, दुसऱ्याचा दोरा ओलांडू नये म्हणून, बाई. जे आपलं नाही, त्यावरून पायसुद्धा टाकायचा नाही. पहिल्या पावलालाच सांगून ठेवायचं."

शोलपान गुडघ्यांवर बसली. पदक पुढे लोंबलं, तसं आयझानने ते धरून तोंडात घातलं. सगळे हसले. कुन्सुलू हसली नाही. तिचा उजवा खांदा अजूनही डाव्यापेक्षा उतरलेला होता.

निवड स्पर्धेत दोघी शेजारच्या पट्ट्यांत धावल्या होत्या. शेवटच्या अडथळ्यापाशी कुन्सुलू पुढे होती. तिथेच ती पडली. शोलपान आशियाई स्पर्धेला गेली, आणि कुन्सुलू आपांची सून होऊन या घरात आली.

सुरी दोऱ्याला टेकली आणि थांबली.

"मी नको, आपा. कुन्सुलूला कापू दे. त्या दिवशी पुढे तीच होती. माझं कोपर... माझं कोपर लागलं तिला."

आपांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"ऐकलंत? एवढी मोठी झाली, पण गर्व म्हणून नाही! नाहीतर हा माझा भाऊ. स्वतः घोड्यावरून पडतो आणि शिव्या घोड्याला!"

"घोडाच आंधळा होता, ताई!"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, हे चित्रित करायला हवं होतं. शोलपानने पुन्हा तोंड उघडलं, पण टाळ्या थांबेनात. तिचे कान तापले होते.

कुन्सुलूने लेक आपांच्या हाती दिली, पुढे येऊन सुरी घेतली आणि दोऱ्यावर वाकली.

"मारलंस," ती म्हणाली. वाचताना अडलेल्या पोराला शब्द सांगावा, तितक्याच हळू.

दोरा तुटला. आयझान डुलत डुलत कापडावरून निघाली; तिच्यावर मिठाई उधळली गेली, आणि पोरं गवतात लोळू लागली. माणसं जेवायला वळली. कापडावर तेवढा दोरा राहिला.

"विजेतीला आधी बसवा!" पलीकडून आपांचा भाऊ ओरडला. "अगं, तिथं काय उभी राहिलीस? टाक ढांग आणि ये! तुला काय अवघड?"

शोलपानने पदक गळ्यातून काढून मुठीत धरलं. मग ती कापडाच्या कडेकडेने, पार टोकापर्यंत चालत गेली आणि वळसा घालून पलीकडे आली.