समोरचं विमान

"उजवीकडे घे," रागिणी म्हणाली.

प्रतीक्षानं समोर पाहिलं. काहीच नव्हतं. खाली मूर्तिजापूरचं जंक्शन, तिथून फुटलेले रूळ आणि दुपारच्या धुरकट उन्हात पसरलेली काळी वावरं.

"काहून मॅडम? समोर तर कोणीच नाई."

"घे म्हणते ना."

प्रतीक्षानं विमान उजवीकडे कलतं केलं. रागिणीची नजर मात्र समोरच खिळली होती. ते आलं होतं. पांढरं, लाल पट्ट्याचं, उड्डाणशाळेचंच वाटावं असं छोटं विमान, नेमकं यांच्याच उंचीवर. तेही वळलं, पण डावीकडे, म्हणजे सरळ यांच्या अंगावर. समोरची काच भरून जाईल इतकं ते जवळ आलं, नाक वर उचलून उभं चढलं आणि धुरकट हवेत विरलं. ना आवाज, ना हवेचा साधा हिसका. रागिणीनं खाली पाहिलं. वावरांवरून एकच सावली सरकत होती, त्यांच्या स्वतःच्या विमानाची.

तिनं रेडिओवर कंट्रोलला विचारलं. परिसरात दुसरं कोणी नाही, असं उत्तर आलं. दरवेळी हेच यायचं.

रागिणी ही अमरावतीच्या मोरोपंत वकिलांची मुलगी. घरात सगळे काळ्या कोटाचे. हिनंच तेवढं उडायचं खूळ डोक्यात घेतलं. मोठ्या कंपनीत वैमानिक व्हायचं राहून गेलं, म्हणून गावाबाहेरच्या धावपट्टीवर पोरांना शिकवायला लागली आणि शिकवता शिकवता केस पिकले. तिची पोरं आता देशोदेशी विमानं नेतात, दिवाळीला न चुकता मेसेज टाकतात. तिचं तेवढ्यावर भागत होतं.

एकाचा मेसेज येत नाही. श्यामचा. तेल्हाऱ्याच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा हा पोरगा ट्रॅक्टरवरच मोठा झालेला. रस्त्यानं समोरून ट्रक आला की डावीकडे दाबायचं, हे आपल्याकडच्या पोरांच्या अंगात मिसरूड फुटण्याआधीच भिनलेलं असतं. हवेत नियम उलटा. दोन विमानं समोरासमोर आली की दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. हे सांगून सांगून रागिणीचा घसा बसला. श्याम परीक्षेत बरोबर लिहायचा आणि विमानात त्याचा हात डावीकडे जायचा.

"ट्रॅक्टर आहे का रे हा?" ती ओरडायची.

"मले समजते मॅडम, या हातालेच समजत नाई," तो हसत म्हणायचा.

पुढे हात सुधारला, असं तिला वाटलं. गेल्या साली तो एकटा अकोल्याला जाऊन परत येत होता. मूर्तिजापूरवर समोरून एक विमान आलं. तो वैमानिक नियमाप्रमाणे उजवीकडे वळला आणि श्याम डावीकडे. टक्कर चुकवायला श्यामनं नाक इतकं वर खेचलं की विमानाचा वेगच मेला आणि ते तुरीच्या वावरात कोसळलं. श्याम जागीच गेला.

तेव्हापासून त्या जागी तो रागिणीला दिसायचा आणि दरवेळी डावीकडेच वळायचा. कोणाला सांगावं, तर डॉक्टर तिचं उडणं बंद करणार. उडणं सोडून तिच्याजवळ दुसरं होतं काय? म्हणून ती मूग गिळून होती. पण आता प्रतीक्षा त्याच वाटेनं पहिल्यांदा एकटी जाणार होती. तिला थांबवायचं, तर कारण काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाजवळ तिनं प्रतीक्षाला पुन्हा विचारलं, "समोर काही दिसलं तर?"

"उजवीकडे. कालपासून तुमी हेच इचारून राहिल्या मॅडम."

"कंट्रोल म्हणालं, कोणीच नाही, तर?"

"तरी उजवीकडे."

"आणि ते तुझ्याच अंगावर आलं तर?"

प्रतीक्षाचं हसू मावळलं. "मंग काय करू?"

"उजवीकडेच वळत राहा आणि विमान खाली घे. नाक वर खेचू नको बाई, काही झालं तरी."

विमान गेलं. ऑफिसातल्या रेडिओजवळ रागिणी उभी राहिली. शाळेचे प्रमुख वामनराव शेजारीच चहा घेत होते. बराच वेळ नुसती खरखर होती. मग प्रतीक्षाचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. समोर विमान दिसतंय, उजवीकडे वळतेय.

"तिथे कोणी नाही," कंट्रोलनं सांगितलं.

"आहे. माझ्या अंगावर येतंय."

रागिणीला स्वतःचा हात माइककडे जाताना दिसला. या रेडिओवरचा शब्द न् शब्द नोंदला जातो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं.

"श्याम, उजवीकडे. ऐक बेटा, उजवीकडे."

वामनरावांचा कप तोंडाशीच थांबला. खरखरीशिवाय काही ऐकू येईना.

"ट्रॅफिक क्लिअर," प्रतीक्षा म्हणाली. "तेही उजवीकडे वळलं. गेलं."

वामनरावांनी कप खाली ठेवला. "रागिणीताई, हे सारं रेकॉर्ड झालं. आता वर सांगा लागीन मले."

"सांगा ना," रागिणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती. "वळला तो, वामनराव."

भिंतीवरच्या फळ्यावर दुपारच्या उड्डाणासमोर तिचं नाव लिहिलेलं होतं. ती फळ्याजवळ गेली आणि तिनं ते तळहातानं स्वतःच पुसलं.