बावीस कोट

अकरा वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई मी, आणि या देशात माझ्या गळ्यात पट्टी कसली, तर ‘शिकाऊ’. आमचे हे सकाळी ती बघून म्हणाले, “गाडीला लावतात तशी पाठीवर लाव. लोक जरा लांबून जातील.” मी हसले नाही. आपल्याकडची पदवी इथे चालत नाही, म्हणून दोन वर्षं गोदामात पार्सलांवर पत्ते चिकटवले होते. आता पहिला दिवस नीट गेला, तर शाळा सुटताना वर्गशिक्षिका एका कागदावर सही करणार होत्या. या बाईंना वर्गात ठेवावं की नाही, एवढाच त्यावर प्रश्न. सही मिळाली नाही, तर पुन्हा गोदाम.

वर्गशिक्षिका माझ्या पुतणीच्या वयाच्या. ही पोरगी मला काय शिकवणार, असं मी मनात म्हटलं. माझ्या मनातलं चेहऱ्यावर वाचता येतं असं सासूबाई म्हणतात, त्यामुळे त्यांनाही कळलंच असावं. मला मागच्या एका बुटक्या खुर्चीवर बसवून त्या म्हणाल्या, “आज फक्त बघा.”

फक्त बघणं मला जन्मात जमलेलं नाही. तासाभरात मी नऊ पेन्सिलींना टोक काढलं, एकाचं नाक पुसलं आणि एकीचा सांडलेला डबा भरून दिला. वर्गशिक्षिकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने बघतायत, असं मी धरून चालले.

मधल्या सुट्टीत मुलं कोट घालायला वर्गाबाहेरच्या खुंट्यांपाशी गेली. बाहेर कडाक्याची थंडी, आणि यांचं आपलं निवांत चाललेलं. कुणाची बाही उलटी, कुणाच्या टोपीत दुसऱ्याचा हात. वर्गशिक्षिका मैदानाचं दार उघडायला गेल्या होत्या आणि माझे हात शिवशिवायला लागले. पाच मिनिटांत मी बावीस कोट चढवले, हनुवटीपर्यंत चेन ओढून. गोदामाची सवय कामी आली. बावीस पार्सलं बंद, रवाना.

शेवटची होती पुढचे दोन दात मोठे असलेली एक मुलगी. मी तिला मनात खारूताई म्हणत होते. जीभ बाहेर काढून ती चेनशी झटत होती. “आण गं इकडे,” म्हणत मी सर्रकन चेन लावून टाकली. ती रडली नाही. तिने चेन खाली ओढली, कोट काढला, खुंटीला अडकवला आणि बाकावर बसली. सुट्टीभर ती खेळायला गेलीच नाही.

“तीन आठवडे ती शिकतेय,” वर्गशिक्षिकांनी मला नंतर सांगितलं. “काल खालचं टोक पहिल्यांदा खाचेत बसलं. आज ती वर ओढणार होती. आम्ही कुणाचा कोट लावून देत नाही. उशीर झाला तर होऊ देतो.”

आवाज अगदी शांत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी मला भांडता तरी येतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी माझा चौदा वर्षांचा लेक अजून “आई, मोजे” अशी हाक मारतो, आणि मी ते चारचौघांत कौतुकाने सांगते.

शाळा सुटली. सही काही मिळत नाही, हे धरून मी आपला कोट चढवला आणि खुंट्यांपाशी उभी राहिले. शेजारी वर्गशिक्षिका, हातात तो कागद. मुलं एकेक करून गेली. उरली खारूताई. काचेबाहेर तिचे बाबा घड्याळ बघत होते.

टोक खाचेतून निसटलं. पुन्हा निसटलं. चौथ्यांदा निसटलं तेव्हा माझे हात आपोआप पुढे निघाले. मग अकरा वर्षं मुलांना जे फर्मावलं, ते मी स्वतः केलं: हाताची घडी, तोंडावर बोट. टोक बसलं. अर्ध्यावर अस्तर अडकलं. ते सोडवायची माझ्याकडे एक नामी युक्ती आहे, ती मी गिळली. तिने चेन खाली घेतली, कापड बाजूला केलं आणि एका दमात हनुवटीपर्यंत ओढली. माझे डोळे भरून आले.

दप्तर उचलून ती निघाली आणि माझ्यासमोर थांबली. माझा कोट उघडाच होता. तिचा हात माझ्या चेनकडे आला, आणि मध्येच थबकला. मग तिने माझ्यासारखीच हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि वाट बघत उभी राहिली.

भरल्या डोळ्यांना खाच दिसेना, माझंही टोक निसटत राहिलं. बाबांनी काचेवर टकटक केली, तरी ती हलली नाही. वर्गशिक्षिकांनी कागद भिंतीला टेकवून सही केली, तेव्हा माझी चेन अजून लागायचीच होती.