डॉर्कसने ऐकलेली शांतता

डॉर्कसला गावात कुणी 'बाई' म्हणायचं नाही. आम्ही क्वेकर, एकमेकांना 'मित्र' म्हणणारा ख्रिस्ती पंथ. आमच्यात पाद्री नाही, साहेब नाही, लहानथोर सगळ्यांना नावाने आणि 'तू' अशीच हाक. केंब्रिजला तिने सगळ्या मुलग्यांच्या वर नंबर काढला, पण बायकांना पदवी देत नाहीत म्हणून ती तशीच आमच्या डोंगरातल्या गावी परत आली. मुलींना ग्रीक शिकवायची आणि आमच्या रविवारच्या प्रार्थनासभेची लेखणी सांभाळायची. मी तिच्यासारखीच होणार, हे मी अख्ख्या शाळेला सांगून टाकलं होतं.

मार्चमध्ये तिला हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठातून पत्र आलं: इथल्या ग्रंथालयातल्या सिरियाक भाषेतल्या जुन्या पोथ्या वाचायला दोन वर्षं ये. वीस वर्षं ती याची वाट बघत होती. धडा चालू असतानाही तिचं बोट त्या पत्राच्या घडीवरच फिरायचं. पण सभेने मोकळं केल्याशिवाय ती जाणार नव्हती.

आम्ही मतं मोजत नाही. गप्प बसायचं, ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं, आणि सभेचा कल लेखणीवाल्याने तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवायचा. त्या रविवारी उपलेखनिक तापाने पडलेला, म्हणून डॉर्कसने आपला प्रश्न आपणच मांडला. मग शांतता. ईनक बेकरीवाला एरवी फुगलेल्या पिठावरही प्रवचन देतो, तोसुद्धा बुटांकडे बघत बसला. ती जायला कुणालाच नको होती, आणि तसं बोलायला कुणी धजत नव्हतं. मी तर 'जा' हा शब्द दातांखाली दाबून धरला. शनिवारचे धडे, तिची आल्याची बिस्किटं, ते सगळं माझं होतं.

डॉर्कसने त्या शांततेत 'नको' ऐकलं. तिने लिहिलं आणि सरळ आवाजात वाचलं, "डॉर्कस वाइल्डिंगने जावं असं सभेला वाटत नाही. मित्रांना मान्य आहे?"

कुणीतरी 'हो' म्हटलं की संपलं. तिने टीपकागद उचलला, आणि माझे पाय माझ्याआधी उठले.

"मान्य नाही," मी म्हणाले. "आतून 'नको' आलं म्हणून नाही, तू आम्हाला हवी आहेस, म्हणून आम्ही गप्प होतो. मी तर मुद्दाम."

ईनक खाकरला. "पोरीने आमची चोरी पकडली. जा गं तू, डॉर्कस."

डॉर्कसने ओळ खोडली. नवी ओळ लिहिताना मात्र तिचं अक्षर वाकडं गेलं.

ती मेमध्ये गेली. शनिवारी चार वाजले की मी अजून वही घेऊन तिच्या दारापर्यंत जाते. कुलूप बघते, आणि पायरीवर बसून धडा पुरा करते.