दोन दारांमधला डबा

टोकियोतल्या फुनाबोरीत मला सगळे डबा म्हणतात. म्हणोत बापडे! मी आहे भूर्जाच्या सालीचा, झाडाच्या मुळांनी शिवलेला. आमच्या ओजिब्वे आदिवासी लोकांत मला मकक म्हणतात.

अमेरिकेतल्या एका अफाट तळ्यातल्या बेटावर लोरेनच्या आजीने मला घडवलं. साल काढण्याआधी तिने झाडापाशी चिमूटभर तंबाखू ठेवली आणि ओजिब्वेत त्याचे आभार मानले. हीच भाषा बोलल्याबद्दल लहानपणी तिने शाळेत मार खाल्ला होता.

१९९६ साली लोरेन जपानला इंग्रजी शिकवायला आली, मला घेऊन. शेजारच्या घरात राहायची बँकेत नोकरी करणाऱ्या संजीवची बायको कुमुदिनी. लोरेनने माझ्यात मेपलची साखर भरून मला कुमुदिनीला भेट म्हणून दिलं. चार दिवसांत मी रव्याचे लाडू घेऊन परत. लोरेनचा चेहराच पडला. तरी तिने रानतांदूळ भरून पुन्हा पाठवलं. मी चिवडा घेऊन पुन्हा हजर. माझं डोकंच चालेना. मी नक्की कुणाचा?

शेवटी मला घेऊन लोरेन कुमुदिनीकडे गेली आणि तिने विचारलंच. "आजीच्या हातची भेट आवडली नाही का, कुमुदिनी-सान?"

"अगं, मला वाटलं डबा परत द्यायचाय. आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत."

दोघी पोट धरून हसल्या. "जुई, हा फडताळात ठेव गं," कुमुदिनी लेकीला म्हणाली.

"आतोदे," जुई उत्तरली. नंतर, असं जपानीत. मराठी तिला सगळी कळते, बोलत मात्र नाही.

लोरेनचं हसू मावळलं. "मीही आजीला असंच इंग्रजीत उत्तर द्यायचे. आता ती अंथरुणाला खिळलीय. मी घरी चाललेय, तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला."

ती गेली, मी राहिलो. महिन्याने पत्र आलं. लोरेन पोचायच्या दोन दिवस आधीच आजी गेली होती.

कुमुदिनी डोळे पुसत उठली. "आजीची वस्तू तिच्याकडेच हवी," म्हणत मला कागदात गुंडाळू लागली. मला वाईट वाटलं. आजीचे शब्द मी ऐकलेत, पण एकही बोलून दाखवता येत नाही. मी जाऊन लोरेनला काय देणार?

तेवढ्यात जुई जवळ आली. "आई, रिकामा नाही ना पाठवायचा?"

मराठीत. कुमुदिनीचे हात थांबले.

आज तीन दिवस झाले, मी ओट्यावर अर्धवट गुंडाळलेला बसलोय. जाणार की राहणार, मला माहीत नाही. शेजारी मायलेकी लाडू वळतायत, आणि जुई विचारतेय, "आई, बेदाणा कुठे लावू?"